सीताफळाच्या झाडापासून स्तनाच्या गाठीपर्यंत

आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती डोळ्यांना दिसत नाही, आठवडी बाजारात मिळत नाही आणि तिचं मराठी नाव घेताना जीभ जरा अडखळते. तिला प्रतिपिंड म्हणतात. डॉक्टर मंडळी अँटिबॉडी म्हणतात. करोनाच्या काळात हा शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे. प्रतिपिंडं लाखो प्रकारची असतात. त्यातली काही फक्त एकाच कामाची. आपल्या पेशीतला तुटलेला धागा सांधणारं प्रथिन जागेवर आहे की नाही, एवढंच ती दाखवतात. स्तनाच्या, आतड्याच्या, गर्भपिशवीच्या कॅन्सरशी याचा संबंध येतो. म्हणून हा विषय बचत गटाच्या बैठकीतला आहे, असं आम्ही ठरवलं.

सुरुवात सापापासून करू. पावसाळ्यात कपाशी-सोयाबीनच्या रानात कुणाला साप चावला की आपण दवाखान्यात धाव घेतो, आणि तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं, हे किती जणींना माहीत आहे? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात. घोडा मरत नाही, उलट त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. तीच प्रतिपिंडं. मुंबईच्या परळ भागातल्या हाफकिन संस्थेनं वर्षानुवर्षं हे काम केलं. ज्यांच्या नावानं ही संस्था आहे ते वाल्देमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईला आले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच्या थोडं आधी, १८९० साली, बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासातो या दोघांनी दाखवलं होतं की एका जनावराच्या रक्तातलं हे संरक्षण दुसऱ्याला देता येतं. लस म्हणजे शरीराला शिकवणं. घोड्याचं इंजेक्शन म्हणजे दुसऱ्यानं शिकून तयार केलेलं आयतं हाती देणं. हा फरक लक्षात ठेवा, कारण आशाताईंनासुद्धा गावात तो समजावून सांगावा लागतो.

प्रतिपिंडाचा स्वभाव असा की ते ज्याच्यासाठी तयार झालं, त्यालाच जाऊन चिकटतं. गोठ्यात वीस गाई उभ्या असल्या तरी वासरू आपल्याच आईच्या कासेला जातं, तसं. मग शास्त्रज्ञांच्या मनात आलं की हे वासरू जिकडे जाईल तिकडे त्याची आई आहे, एवढं तर नक्की. म्हणजे वासराच्या गळ्यात घुंगरू बांधलं तर अंधारातसुद्धा गाय सापडेल. १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला आणि ते शरीरात कुठे चिकटतं ते दुर्बिणीखाली पाहिलं. औषध म्हणून वापरलेली वस्तू त्या दिवसापासून शोध घेणारी झाली.

त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९४१ ला, परळमध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यांच्या आठवणीतून ते उभं राहिलं. जालन्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठून, फाईल पोटाशी धरून त्या दारात उभे राहिलेले लोक आपल्या ओळखीत असतीलच. पण त्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत एका मराठी बाईनं काय काम केलं, हे आपल्यापैकी कितीजणी जाणतात?

त्यांचं नाव कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा. मुलीनं दोन्ही केलं नाही. हुजूरपागेत शाळा, फर्ग्युसनला कॉलेज आणि मग पुण्याच्या शेतकी कॉलेजात एम.एस्सी. तिथला अभ्यासाचा विषय ऐका: सीताफळ, रामफळ ज्या कुळातली आहेत, त्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यांतली गुणसूत्रं. आपल्या बांधावरच्या सीताफळाची भावंडं! १९३९ मध्ये त्यांचं लग्न गणित शिकलेल्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झालं आणि त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी. पूर्ण झाली १९४३ ला, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी. नवऱ्यानं अभ्यासात मदत केली असं त्यांच्याविषयी लिहिलेलं आहे. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण गटातल्या सुनांची बारावी अजून "लग्नानंतर बघू" यातच अडकलेली असते.

मुंबईत त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. खानोलकरांना आपल्या देशातल्या रोगनिदानशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये कमलताईंनी पीएच.डी. केली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे जाऊन पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात कशा जगवायच्या ते शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. देशातली अशी ती पहिली. पेशींना लागणारं खाद्य त्या आणि त्यांचे सहकारी तिथेच तयार करत.

आता त्यांच्या उंदरांकडे येऊ, आणि इथे जालन्याच्या बायकांना कुणी काही शिकवायची गरज नाही. आपला जिल्हा बियाण्यांचा. भोकरदन-जाफ्राबादकडच्या कितीतरी जणींनी सीड प्लॉटवर क्रॉसिंगची कामं केली आहेत. नराचं फूल आणून मादीच्या फुलाला लावायचं, दोरा बांधायचा, पुढचं फूल. ओळीत एक जरी भेसळीचं झाड राहिलं तरी प्लॉट फेल जातो, हे तुम्ही आम्हालाच सांगाल. कमलताईंच्या हाताशी तशीच उंदरांची शुद्ध वाणं होती. काही वाणांत माद्यांना स्तनाचा कॅन्सर भरपूर व्हायचा, काहींत क्वचित. एकच खाणं, एकच पिंजरा, मग फरक कशाचा? वाणाचा, शरीरातल्या संप्रेरकांचा आणि एका विषाणूचा, असा तिहेरी गुंता त्या सोडवत होत्या. हा विषाणू उंदरांत आईच्या दुधातून पिल्लाला जातो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही गोष्ट उंदरांची आहे. माणसाच्या आईच्या दुधातून कॅन्सर बाळाला जात नाही, उलट अंगावर पाजल्यानं आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. अर्धवट ऐकून कुणी सुनेचं दूध तोडायला निघू नका.

स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचं नातं आहे, हे लवकर ओळखणाऱ्या जगातल्या संशोधकांत कमलताईंचं नाव घेतात. पण हे नातं नेमकं कोणत्या गोष्टीतून चालतं, ते त्या काळी कुणालाच दिसत नव्हतं. ते दिसायला आणखी तीस वर्षं गेली.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. सगळा उलगडला तर सहा फुटांहून लांब भरेल. उन्हानं, चुलीच्या धुरानं, तंबाखूनं, मिश्रीनं आणि पेशीच्या रोजच्या कामानंसुद्धा तो रोज हजारो ठिकाणी दुखावतो. आणि रोज दुरुस्त होतो. गोधडीला जसं एका बाजूनं विरायला लागलं की आपण टाका घालतो, तसे टाके घालणारी प्रथिनं पेशीत असतात. त्यांचा छडा लावणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार या तिघांना २०१५ चं नोबेल मिळालं. धाग्याचे दोन्ही पदर तुटले तर काम अवघड होतं, आणि त्या कामातल्या एका मुख्य कारागिराचं नाव बीआरसीए-१.

या कारागिराचा पत्ता लावला मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन बाईंनी. त्यांनी काय केलं? घराण्यांचे वंशवेल मांडले. २३ मोठी कुटुंबं, त्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या १४६ केसेस. आजी, मावशी, आत्या, बहीण, कुणाला कितव्या वर्षी झाला, हे सगळं मांडून त्यांनी १९९० मध्ये दाखवलं की दोष सतराव्या गुणसूत्रावर एका जागी आहे. पुष्कळ मोठे शास्त्रज्ञ तोवर म्हणत होते की कॅन्सरसारखा आजार एका जनुकाला बांधता येणार नाही. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागलं.

जनुक म्हणजे कृती लिहिलेली चिठ्ठी. त्यावरून तयार होणारं प्रथिन पेशीत खरंच आहे का, कुठे आहे, हे बघायचं तर पुन्हा आपलं वासरू हवं. माणसाच्या बीआरसीए-१ चा छोटा तुकडा सशाला किंवा उंदराला टोचायचा. त्याच्या शरीराला तो परका वाटतो आणि प्रतिपिंडं तयार होतात. सशाच्या रक्तातून मिळणारा माल मिश्र असतो, ससा संपला की तो मालही संपला. यावरची युक्ती १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाईन यांनी काढली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची एक पेशी घेतली आणि ती कॅन्सरच्या पेशीशी जुळवली. कॅन्सरची पेशी थांबायचं नाव घेत नाही, हाच तिचा दुर्गुण त्यांनी कामाला लावला. ती जोडपेशी वाढतच राहते आणि एकाच जातीचं शुद्ध प्रतिपिंड देत राहते. एका दाण्यापासून वाण वाढवावं, तसं. या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं नाही, म्हणून ती जगभर पसरली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? नाही झालं. बीआरसीए-१ चा शोध लागल्यावर घाईघाईनं पुष्कळ प्रतिपिंडं तयार झाली आणि प्रत्येकाची साक्ष वेगळी येऊ लागली. कुणी म्हणे प्रथिन पेशीच्या केंद्रकात आहे, कुणी म्हणे बाहेर आहे. १९९६ मध्ये तर ते पेशीतून बाहेर सोडलं जातं, असाही दावा छापून आला. त्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वापरातलं एक प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटत होतं. तंटामुक्ती समितीपुढे साक्षीदारानं आत्मविश्वासानं बोट दाखवावं आणि नंतर कळावं की त्याला चेहरेच ओळखू येत नाहीत, अशी गत. शेवटी १९९९ मध्ये एका गटानं एकूण १९ प्रतिपिंडं एकाच मापानं तपासली. परीक्षेची रीत साधी आहे. ज्या पेशीत ते प्रथिन नाही हे आधीच ठाऊक आहे, तिच्यावर प्रतिपिंड घाला. तरीही रंग आला तर साक्षीदार खोटा. त्या तपासणीतून ठरलं की बीआरसीए-१ ची खरी जागा केंद्रकातच आहे. आणि असंही दिसलं की आनुवंशिक नसलेल्या काही जोरकस गाठींमध्येसुद्धा हे प्रथिन कमी झालेलं असतं. आम्हाला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एवढ्या मोठ्या विद्येतही आधी साक्षीदार तपासावा लागला.

आता दवाखान्यात काय होतं ते पाहू. गाठीचा तुकडा काढतात. तो मेणाच्या वडीत बसवतात आणि त्याचे केसाहूनही पातळ काप काचेवर घेतात. त्यावर प्रतिपिंड घालतात, मग रंग देणारं औषध. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर ईआर, पीआर, हर-टू असं लिहिलेलं असतं, त्या तपासण्या अशाच होतात आणि त्यावरून औषध ठरतं. आतड्याच्या आणि गर्भपिशवीच्या कॅन्सरमध्ये दुरुस्ती करणारी चार प्रथिनं अशीच तपासतात: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. यांतलं एखादं गायब दिसलं तर आजार घराण्यात चालत आलेला असू शकतो, म्हणून पुढची तपासणी होते. बीआरसीए-१ चं मात्र वेगळं आहे. त्याचं प्रतिपिंड मुख्यतः प्रयोगशाळेत संशोधनाला वापरतात. पेशंटसाठी रक्तातून थेट जनुकच वाचतात. बीआरसीएत दोष निघाला तर काही कॅन्सरवर वेगळ्या गोळ्या चालतात. त्यातली पहिली २०१४ च्या शेवटी परदेशात मंजूर झाली. गोळ्या महाग आहेत, तेही सांगायला हवं.

म्हणून कुणाच्या घरात गाठीचं ऑपरेशन झालं, संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात असो की आणखी कुठे, तर रिपोर्ट जपून ठेवा आणि मेणाची वडी नि काचा कुठे ठेवल्या आहेत ते विचारून घ्या. पुढच्या डॉक्टरांना त्यांचीच गरज लागते. नाहीतर पुन्हा सुई, पुन्हा खर्च.

गावात आणखी एक गोष्ट घडते. सुनेला स्तनाचा कॅन्सर झाला की म्हणतात, "माहेराहून घेऊन आली." शंभर जणींपैकी पाच ते दहा जणींनाच तो आनुवंशिक दोषामुळे होतो, बाकीच्यांच्या बाबतीत असा दोष सापडत नाही. आणि ज्यांच्यात तो दोष असतो, त्यांना तो आईकडून मिळाला असेल तसाच वडिलांकडूनही मिळालेला असू शकतो. वडिलांना स्वतःला काही झालेलं नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी. म्हणजे आत्याचा आजार हा मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आत्याचं दुखणं लपवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. लपवल्यानं त्या मुलीचंच नुकसान होतं, कारण तिची तपासणी लवकर सुरू व्हायला हवी असते.

कमलताई ज्यांच्याकडे शिकल्या त्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या पेशी आल्या. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची ती कृष्णवर्णीय आई गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं ३१ व्या वर्षी गेली. तिच्या गाठीतल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढतच राहिल्या. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या जिवंत आहेत आणि प्रतिपिंडांच्या परीक्षेलाही त्याच वापरतात. तिला कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना कळलं ते वीसेक वर्षांनी. आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण याच्या शेजारी ठेवा. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायका गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या अभ्यासात सामील झाल्या. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची ती तपासणी झालीच नव्हती, आणि त्यावर टीकाही झाली. आमचं मत विचाराल तर टीका रास्त आहे, आणि त्या गावांच्या बायकांचं जगावर ऋणही आहे. म्हणून कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी विचारायचं: रक्त कशासाठी, तुकडा कुठे ठेवणार, आम्हाला निकाल सांगणार का. विचारलं म्हणून कुणी उपचार नाकारू शकत नाही.

कमलताईंनी १९७३ मध्ये मुंबईत इतर सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांनी केलेलं कुष्ठरोगाचं काम हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी त्यांनी केली, गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. ११ एप्रिल २००१ ला त्या गेल्या.

आता पुढच्या बैठकीचं सांगतो. तीस वर्षांवरच्या बायकांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भपिशवीच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, तिची तारीख आशाताई देतील. येताना प्रत्येकीनं घरून एक कागद करून आणा. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, डॉक्टरसुद्धा असंच काढतात. आई-वडील, दोन्हीकडच्या आज्या, मावश्या, आत्या, काका, मामा. कुणाला गाठ झाली, कोणत्या जागी, कितव्या वर्षी. जन्मसाल आठवत नसेल तर "बाहत्तरच्या दुष्काळात दहा वर्षांची होती" असं लिहिलं तरी चालेल. कागद गटाच्या वहीत लावायचा नाही. तो डॉक्टरांना दाखवायचा आणि घरीच ठेवायचा.